देशाची मोजणी आणि शहराची मोजणी

एखाद्या देशांत परदेशीं जन्मलेले लोक किती, असें विचारलें म्हणजे खानेसुमारीचा आंकडा पुढें येतो. परंतु तो आंकडा देशाचा कीं त्यांतील सर्वांत मोठ्या शहराचा, हें आधीं पाहिलें नाहीं, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजावें. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व न्यूयॉर्क शहर यांचा इतिहास याची साक्ष देतो.

१९१० सालीं त्या देशांत परदेशीं जन्मलेल्यांचें प्रमाण शेंकडा १४.७ होतें, न्यूयॉर्कांत तें जवळजवळ ४१ होतें. केवळ बंदर हें याचें कारण नव्हे. १८९२ सालीं उघडलेल्या एलिस बेटावर उतरून पुष्कळ लोक आगगाडीनें पुढें निघून जात. मागें राहत ते शिवणकामाच्या कारखान्यांतील मजुरीसाठीं आणि आधीं आलेल्या आप्तांच्या आधारासाठीं. एकाच्या मजुरींतून दुसऱ्याचें तिकीट निघे.

शहरांतील ही दाटी पाहून सारा देशच परक्यांनीं व्यापला, अशी हाकाटी उठली. १९२१ च्या कायद्यानें प्रत्येक राष्ट्राचा वांटा ठरविला: १९१० सालीं तेथें जन्मलेले जितके लोक अमेरिकेंत होते, त्यांच्या शेंकडा ३. १९२४ सालीं तो शेंकडा २ झाला, आणि आधार धरला तो १८९० च्या खानेसुमारीचा. कारण तेव्हां इटली, पोलंड, रशिया या बाजूचे लोक तेथें थोडे होते. बेरीज खरी, परंतु साल निवडून घेतलेलें! विशेष हें कीं, या कायद्यास विरोध झाला तो मुख्यतः ईशान्येकडील शहरांच्या प्रतिनिधींकडून. म्हणजे ज्यांचा शेजार होता, त्यांच्याकडूनच. पुढें १९३३ नंतर हिटलरच्या जर्मनींतून पळूं पाहणाऱ्या अनेक ज्यूंना वांट्यांची हीच पद्धत आडवी आली.

१९७० सालीं देशाचें प्रमाण शेंकडा ४.७ वर उतरलें. न्यूयॉर्कचें मात्र १८.२ राहिलें. १९६५ च्या कायद्यानें राष्ट्रवार वांटे रद्द केले, तेव्हां २००० सालीं हेच आंकडे ११.१ व ३५.९ झाले. दार उघडें असतां शहराचें प्रमाण देशाच्या सुमारें तिप्पट. दार मिटलें असतां तें जवळजवळ चौपट!

आंकडा उतरला म्हणजे माणसें परत गेलीं, असेंहि नव्हे. त्यांचीं अमेरिकेंत जन्मलेलीं मुलें या मोजणींत येत नाहींत. १९१० सालीं अशीं मुलें धरतां न्यूयॉर्कची तीन-चतुर्थांशांहून अधिक वस्ती या घरांतलीच होती. त्या मुलांना परकीं म्हणावें कीं आपलीं, हें मात्र कोणतीहि खानेसुमारी सांगत नाहीं. तें शेजाऱ्यांनींच ठरवावयाचें असतें.