व्हिडिओला सिनेमाचे रूप

एकाच वाड्यात, त्याच कलावंतांना घेऊन, एकच प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी टिपला, तरी एकाचे चित्र 'सिनेमा' वाटते आणि दुसऱ्याचे लग्नाच्या कॅसेटसारखे दिसते. हा फरक प्रेक्षकाला क्षणार्धात जाणवतो. तो कशामुळे पडतो, हे मात्र त्याला सांगता येत नाही. फिल्मचा खर्च न परवडणाऱ्या दिग्दर्शकांनी गेल्या दोन-अडीच दशकांत याच फरकाचा पाठपुरावा केला. व्हिडिओला फिल्मचे रूप देणे म्हणजे संगणकावर एखादी कळ दाबणे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात हे रूप गती, खोली, प्रकाश आणि रंग यांच्या मेळातून घडते आणि त्यांतील पहिल्या तीन गोष्टी बव्हंशी चित्रीकरणाच्या वेळीच ठरून जातात.

गती

मूकपटांच्या काळात चित्रगती निश्चित नव्हती. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण स्थिरावले. दूरचित्रवाणीने वेगळी वाट धरली. भारतात व युरोपच्या बऱ्याच भागात रूढ झालेल्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असत. पण प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्धचित्रांत विभागलेली असे. म्हणजे डोळ्यांपुढून सेकंदाला ५० अर्धचित्रे जात. त्यामुळे हालचाल अतिशय सलग दिसते. बातम्या आणि क्रिकेट याच रूपात पाहण्याची सवय झाल्याने असे चित्र 'आत्ता, समोर' घडत असल्यासारखे वाटते. २४ चौकटींची किंचित तुटक हालचाल त्याउलट कथेला आवश्यक असलेले अंतर निर्माण करते.

म्हणूनच पूर्ण चौकटी टिपणे, म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह' चित्रण, ही पहिली पायरी ठरते. २००२ मध्ये आलेल्या पॅनासॉनिकच्या एजी-डीव्हीएक्स१०० या कॅमेऱ्याने सेकंदाला २४ पूर्ण चौकटींची सोय छोट्या निर्मात्यांच्या आवाक्यात आणली. आपल्याकडे २५ चौकटीही तितक्याच चालतात. एका चौकटीचा फरक डोळ्यांना कळत नाही.

चौकटींच्या जोडीने शटरचा वेगही सांभाळावा लागतो. फिल्म कॅमेऱ्यात सामान्यतः प्रत्येक चौकटीच्या निम्म्या वेळेपुरता प्रकाश आत येतो, म्हणजे सुमारे १/४८ सेकंद. त्यामुळे हलणाऱ्या हाताभोवती हलकी पुसट रेघ उमटते. शटर १/५०० सेकंदावर नेले की ती नाहीशी होऊन हालचाल झटके देते. भारतात वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने शटर १/५० सेकंदावर ठेवणे दुहेरी सोयीचे आहे. ट्यूबलाइटची लुकलुकही त्यामुळे टळते.

या साऱ्याचे महत्त्व किती, हे २०१२ मध्ये 'द हॉबिट'च्या पहिल्या भागाने दाखवून दिले. पीटर जॅक्सन यांनी तो सेकंदाला ४८ चौकटींनी चित्रित केला. प्रचंड खर्चाचे ते भव्य देखावे अनेक प्रेक्षकांना दूरचित्रवाणी मालिकेसारखे वाटले. आजचे दूरचित्रवाणी संचही हालचाल 'गुळगुळीत' करण्याच्या सोयीने चांगल्या चित्रपटाची हीच गत करतात. ती सोय बंद करणारा 'फिल्ममेकर मोड' २०१९ मध्ये जाहीर झाला, तो याच कारणासाठी.

खोली

जुन्या हौशी व्हिडिओ कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम पाच मिलिमीटर रुंद असे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकट त्याच्या चौपटीहून अधिक रुंद. सेन्सर लहान असला की नायिकेचा चेहरा आणि मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर दोन्ही सारखेच स्पष्ट दिसतात. २००८ मध्ये आलेल्या कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. त्याचा ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर पार्श्वभूमी सहज धूसर करू शके. मात्र धूसर पार्श्वभूमी म्हणजेच सिनेमा नव्हे. 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) छायालेखक ग्रेग टोलंड यांनी पुढचे-मागचे सारे स्पष्ट ठेवूनच इतिहास घडवला. नजर कोठे वळवायची हे ठरवून खोली वापरणे, एवढाच त्याचा नियम.

प्रकाश

फिल्म निगेटिव्ह प्रखर प्रकाश हळूहळू सामावून घेते. व्हिडिओ एका मर्यादेनंतर एकदम पांढराफटक पडतो आणि जळालेले आकाश नंतर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. म्हणून उजळ भाग जपून प्रकाशमान ठरवावा. दुपारच्या उन्हात शटर वाढवण्याऐवजी भिंगापुढे करडा एनडी फिल्टर लावावा. कॅमेऱ्यातील कृत्रिम धार कमी ठेवावी. कडांभोवतीची ती रेघ व्हिडिओची चुगली करते. 'लॉग' पद्धतीने चित्रण केल्यास छायाप्रकाशाचा अधिक मोठा पल्ला टिकतो. मात्र ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १० बिटमध्ये १,०२४. त्यामुळे ८ बिट लॉगमध्ये आकाशावर पट्टे उमटण्याचा धोका राहतो.

रंग

'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) या चित्रपटाच्या संपूर्ण फिल्मचे डिजिटल रूपांतर करून संगणकावर त्याचे रंग बदलण्यात आले आणि रंगसंस्कार हे स्वतंत्र दालन खुले झाले. आज दाविंची रिझॉल्व्हसारखी प्रणाली मोफत मिळते. क्रम मात्र पाळावा. आधी सर्व दृश्ये एकमेकांशी जुळवावीत, मग सावल्या व उजळ भाग यांचा उतार मऊ करावा, त्वचेचा रंग नैसर्गिक राखावा आणि फिल्मचे कण सर्वांत शेवटी, तेही बेताने घालावेत. ओरखडे आणि थरथर घातल्याने सिनेमा दिसत नाही, खराब झालेली प्रिंट दिसते. 'ड्यून' (२०२१) डिजिटल कॅमेऱ्यावर टिपून फिल्मवर उतरवला गेला आणि पुन्हा स्कॅन केला गेला. इतक्या खटाटोपातून मिळवायचा होता तो फिल्मचा पोत, दोष नव्हेत.

तंत्राच्या पलीकडे

डॅनी बॉयल यांचा '२८ डेज लेटर' (२००२) बव्हंशी कॅननच्या एक्सएल-१ या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर झाला. लंडनचे रस्ते पहाटे काही मिनिटेच मोकळे मिळत. तेवढ्या वेळात अनेक हलके कॅमेरे एकदम लावणे शक्य झाले. चित्राचा खरखरीतपणा लपवण्याऐवजी उजाड शहराच्या कथेत तो मुरवला गेला. त्याचेच छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी पुढे मुंबईच्या गल्ल्यांतून 'स्लमडॉग मिलिअनेर'चा (२००८) मोठा भाग लहान डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपला आणि २००९ मध्ये छायालेखनाचे ऑस्कर मिळवले.

३५ मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. प्रत्येक फुटाचा खर्च डोळ्यांसमोर असल्याने प्रकाश, कोन आणि अभिनय यांची जुळणी कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच होत असे. मेमरी कार्डावर तासन्‌तास चित्रण करणाऱ्याला ही सक्ती उरलेली नाही. ती त्याने स्वतःहून पाळली, तर साध्या मोबाइलवर टिपलेले दृश्यही लग्नाच्या कॅसेटपासून बरेच दूर जाते.