विंडोज १० ची मुदत संपली : अभ्यासिकेतला जुना संगणक भंगारात घालण्याआधी हे वाचा

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विहारांच्या अभ्यासिका, वाचनालये, मंडळांची कार्यालये आणि कार्यकर्त्यांची घरे इथे विंडोज १० चे संगणक अजून रोजच्या वापरात आहेत. काही ठिकाणी तर विंडोज ७ देखील चालू आहे. आम्ही हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “संगणक व्यवस्थित चालतोय, मग बदलायचं कशाला?” या लेखात त्याचे उत्तर, उपलब्ध पर्याय आणि बदल करण्याची पद्धत क्रमाने देत आहोत.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. बंद होतात ती सुरक्षेची अपडेट्स. प्रत्येक प्रणालीत त्रुटी सापडत राहतात आणि कंपनी त्या दुरुस्त करून पाठवत राहते. आधार संपल्यानंतर सापडलेली त्रुटी मात्र तशीच उघडी राहते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. त्यापाठोपाठ इतर कंपन्याही हात काढून घेतात. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून क्रोम ब्राउझर विंडोज ७ आणि ८.१ वर चालेनासा झाला. ब्राउझर जुना राहिला की सरकारी पोर्टलची पाने नीट उघडत नाहीत, हा अनुभव अनेकांना आहे.

अपडेट नसल्याने काय होते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो आत शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले.

आपल्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

घरातला संगणक एका कुटुंबाचा असतो, अभ्यासिकेतला संगणक साऱ्या वस्तीचा असतो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजना, बार्टीचे प्रशिक्षण, जात पडताळणी, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म, सगळे त्याच एका यंत्रावर भरले जाते. आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला यांच्या स्कॅन केलेल्या प्रती ‘डाउनलोड्स’मध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात. केंद्राच्या पातळीवर बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळण्यासाठी १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. त्या हक्काचे आजचे व्यवहार याच कागदांवर चालतात. ते चोरीला गेले किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी संगणक अडकला, तर नुकसान त्या विद्यार्थ्याच्या अख्ख्या वर्षाचे होते.

आधी आपला संगणक ओळखा

विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘विनव्हर’ टाइप करा. विंडोजची आवृत्ती दिसेल. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडले की प्रोसेसर, रॅम आणि ३२ बिट की ६४ बिट ही माहिती मिळते. एक लक्षात ठेवा : जुन्या संगणकांत प्रोसेसर ६४ बिटचा असूनही विंडोज ३२ बिटचे टाकलेले असते. त्यामुळे प्रोसेसरचा प्रकार वेगळा तपासा. ही सगळी माहिती वहीत लिहून ठेवा.

चार पर्याय

१) विंडोज ११. त्यासाठी ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन संगणक पात्र आहे की नाही ते सांगते. काही संगणकांत टीपीएम असते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. तेवढे पाहून घ्या. संगणक पात्र असेल आणि विंडोज १० अधिकृत असेल, तर विंडोज ११ विनामूल्य मिळते.

२) वाढीव मुदत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा अपडेट्सची एक वर्षाची जादा योजना आणली. त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विचार करायला वेळ मिळतो, एवढाच तिचा उपयोग.

३) ‘जुगाड’. पात्र नसलेल्या संगणकावर अटी चुकवून विंडोज ११ टाकता येते, पण पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ‘क्रॅक’ केलेले विंडोज तर टाळाच. क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि त्याच वाटेने व्हायरस आत येतो.

४) लिनक्स. ही मुक्त आणि विनामूल्य प्रणाली आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहायला घेतला. आज जगातले बहुतांश सर्व्हर तिच्यावर चालतात आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तीच आहे. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या अभ्यासिकेच्या संगणकासाठी आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. तिची मांडणी विंडोजसारखी असल्याने नव्या माणसाला बुजायला होत नाही. तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुरळीत होते. रॅम कमी असेल तर ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्या. मिंटची ही मालिका ६४ बिट संगणकावरच चालते. प्रोसेसरच ३२ बिटचा असेल, तर डेबियन १२ सारखी प्रणाली चालते, पण अशा यंत्राकडून पुस्तके वाचणे आणि टाइप करणे यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये.

शक्य असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. प्रणाली कोणतीही असो, जुन्या संगणकाच्या वेगात सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

कुठे लिनक्स टाकू नये?

जिथे बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरला जातो, तिथे त्या यंत्राचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी तपासा. बऱ्याचदा ते फक्त विंडोजसाठी असते. हिशेब टॅलीत असतील, जयंतीची पत्रके कोरलड्रॉमध्ये होत असतील, तर तो एक संगणक विंडोजवरच ठेवा. एमएस-सीआयटीचा सरावही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरच होतो. अभ्यासिकेत चार संगणक असतील तर एक पात्र संगणक विंडोज ११ वर आणि बाकीचे लिनक्सवर, अशी वाटणी सोयीची पडते.

फाइलींची प्रत : ही पायरी गाळू नका

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड हे सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. प्रती दोन करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत घरादारांत शिरले होते. अशा वेळी संगणक आणि प्रत एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदम जातात. प्रत घेतल्यावर दुसऱ्या संगणकावर चार-पाच फाइली उघडून पाहा.

जुन्या इतिवृत्तांकडे विशेष लक्ष द्या. मंडळांचे अनेक जुने दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये आहेत. ते युनिकोड नाहीत. फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून जुना संगणक चालू असतानाच महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदललेला मजकूर एकदा माणसाने वाचावाच, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात.

बसवण्याच्या पायऱ्या

१) मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. जत, आटपाडी, माण, खटाव अशा भागांत नेटवर्क कमी पडत असेल, तर शहरात एकदा उतरवून पेनड्राइव्हने सगळीकडे नेता येते. संकेतस्थळावर दिलेला चेकसम जुळवून पाहा.

२) ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. ‘रूफस’ या मोफत साधनाने आयएसओ त्यावर चढवा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.

३) संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी चालू करताना डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२ आणि एचपीमध्ये एफ९ दाबावे लागते.

४) लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर आणि वेबकॅम तपासा. नेहमीची पोर्टल्स उघडून पाहा. या टप्प्यापर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागलेला नसतो. काही जमले नाही तर पेनड्राइव्ह काढून परत फिरता येते.

५) सगळे ठीक असेल तर इन्स्टॉल निवडा. ‘अलॉन्गसाइड’ निवडले तर विंडोज आणि मिंट दोन्ही राहतात. ‘इरेज डिस्क’ निवडले तर डिस्क पूर्ण पुसली जाते. हे बटण दाबण्याआधी प्रतीची खात्री पुन्हा करा. दोन्ही ठेवायचे असतील आणि विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

६) काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा.

७) सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजरमधून सर्व अपडेट्स घ्या आणि ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. पुढे प्रणालीत काही बिघडले तर आधीच्या स्थितीवर परतता येते. मात्र आपल्या कागदपत्रांची प्रत त्याने होत नाही. ती वेगळीच घ्यायची.

मराठी टायपिंग

इनस्क्रिप्ट मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळते. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर ‘इनपुट मेथड’मधून आयबस बसवा. रेमिंग्टनवर शिकलेल्यांनी आपली मांडणी मिळते का, हे पेनड्राइव्हवरच्या चाचणीतच पाहावे. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. मंगलसारखे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट मिंटमध्ये येत नसल्याने ओळी थोड्या सरकतात. म्हणून निवेदने आणि अर्ज पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठी पाठ विनामूल्य आहेत.

सार्वजनिक संगणकाची शिस्त

मुख्य खाते आणि त्याचा पासवर्ड जबाबदार दोघांकडेच असावा. विद्यार्थ्यांसाठी मिंटमधील ‘गेस्ट सेशन’ चालू करा. ही सोय ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये आहे. विद्यार्थी लॉगआउट झाला की त्याने उतरवलेले दाखले आणि उघडलेली खाती सगळे आपोआप पुसले जाते. त्यामुळे अर्जाची पावती आधीच स्वतःच्या मेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यायची सूचना भिंतीवर ठळक लावा. लिनक्सवर व्हायरसचा त्रास कमी असला, तरी खोट्या लिंक आणि ओटीपीची फसवणूक कोणत्याही प्रणालीवर होते, हेही सांगत राहा.

दान मिळालेला संगणक घेताना आणि आपला निकामी संगणक देताना डिस्क पूर्ण पुसलेली असावी. नुसते ‘डिलीट’ केल्याने फाइली जात नाहीत. भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

पुढे काय?

हे काम एका हुशार मुलावर सोपवले आणि तो नोकरीला पुण्या-मुंबईला गेला, की संगणक पुन्हा धूळ खात पडतो. म्हणून प्रत्येक विहारात किमान दोघे, त्यात एक मुलगी, असे शिकून तयार व्हावेत. एक वही ठेवा : संगणक कुठला, रॅम किती, प्रणाली कोणती, तिची मुदत कधी संपते, शेवटची प्रत कधी घेतली. मिंट २२ बसवणाऱ्यांनी त्या वहीत २०२९ हे वर्ष आजच लिहून ठेवावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांच्या जोडीला तालुक्याच्या विहारात दोन तासांचे शिबिर घ्या. आपापले जुने संगणक घेऊन या, पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहा, प्रती घ्या. बदल करायचा की नाही, हे मग प्रत्येक अभ्यासिकेने स्वतः पाहून, तपासून ठरवावे.