सर्पगंधा : रानातील मुळी आणि प्रयोगशाळेतील पर्याय – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रानात उगवलेली औषधी वनस्पती अधिक गुणकारी असते, असा समज भारतीय समाजात दीर्घकाळ रूढ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऊतिसंवर्धनाचे तंत्र विकसित झाल्यावर या समजाची शास्त्रीय कसोटी घेणे शक्य झाले. प्रस्तुत लेखात सर्पगंधा या वनस्पतीच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

परंपरेकडून आधुनिक वैद्यकाकडे :

हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत आढळणाऱ्या या झुडपाची मुळी उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर परंपरेने वापरली जात असे. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाची नोंद केली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा ५० रुग्णांवरील अभ्यास १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पीन हे प्रमुख द्रव्य वेगळे केले.

कीर्तीची किंमत :

या यशाचा भार रानावर पडला. औषध मुळीत असल्यामुळे झाड समूळ उपटल्याखेरीज ते मिळत नाही. शिवाय बियांची उगवणक्षमता कमी असल्याने उपटलेल्या झाडांची भरपाई सावकाश होते. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पीनचे संपूर्ण संश्लेषण जाहीर केले. तथापि वनस्पतीतून ते काढणेच स्वस्त पडत राहिले. पुढे, १९९० मध्ये, वन्यजीव व्यापारविषयक 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश झाला. प्रयोगशाळेतील पर्यायाचा शोध हा केवळ जिज्ञासेचा विषय राहिला नव्हता. टंचाईनेच तो अपरिहार्य केला होता.

तुलनेचे स्वरूप :

प्रयोगशाळेतील वनस्पती या एकाच नावाखाली तीन भिन्न गोष्टी येतात. पहिली, ऊतिसंवर्धनाने तयार केलेले रोप. ते सामान्यतः मातृवृक्षाची जनुकीय प्रत असते. परंतु काचपात्रातील कोवळ्या रोपाची तुलना रानातील जून मुळीशी करणे अन्यायाचे ठरते. मुळीतील अल्कलॉइडांचा बहुतांश साठा तिच्या सालीत असतो आणि तो भरण्यास जमिनीत दीड ते तीन वर्षे जावी लागतात. दुसरी, द्रव माध्यमात वाढविलेल्या अविभेदित पेशी. १९८० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात अशा पेशींमध्ये रौकॅफ्रिसीन हे वेगळेच अल्कलॉइड मोठ्या प्रमाणात साठलेले आढळले. पेशी सर्पगंधेचीच होती, मात्र तिच्यातील रसायनांचे प्रमाण मुळीसारखे नव्हते. तिसरी, विशिष्ट जिवाणूंच्या संसर्गाने प्रयोगशाळेत वाढविलेली केसाळ मुळे. त्यांत मुळाची रचना टिकून असल्याने मुळीतील अल्कलॉइडे पुन्हा तयार होतात.

दुसऱ्या बाजूस, रानातील मुळीही एकसारखी नसते. प्रदेश, झाडाचे वय व काढणीचा ऋतू यांनुसार तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते. त्यातच अन्य जातींच्या मुळांची भेसळ होत असल्याने मात्रेचा अंदाज चुकण्याचा धोका असतो. रक्तदाब उतरविणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही अनिश्चितता रुग्णास महाग पडू शकते. याच कारणास्तव औषधसंहितांनी मुळीचे उगमस्थान न पाहता तिच्यातील अल्कलॉइडांचे किमान प्रमाण हा निकष स्वीकारला.

समारोप :

सर्पगंधेच्या इतिहासावरून असे दिसते की, 'रान की प्रयोगशाळा' ही विभागणी अपुरी आहे. औषधी गुण हा जातीच्या नावात किंवा जन्मस्थानात नसून विशिष्ट अवयवाच्या रचनेत, वयात व परिस्थितीत घडतो. म्हणून प्रयोगशाळेत निपजलेले, पण जमिनीत पूर्ण वाढलेले रोप रानातील मुळीस पर्याय ठरू शकते. केवळ पेशींचा समूह तसा ठरेलच असे नाही. त्याचबरोबर रानातील जनुकीय विविधता नष्ट झाल्यास प्रयोगशाळेस प्रत काढण्यासाठी उत्तम वाणच उरणार नाहीत. रानाचे रक्षण ही प्रयोगशाळेचीही गरज आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.