एफवायचं काय झालं?

"कितलं शिकना रे भाऊ?" धुळे-जळगावकडे हा प्रश्न लग्नाच्या मांडवात येतो, एसटीत येतो, पोलीस भरतीच्या मैदानाबाहेरच्या चहाच्या गाडीवरही येतो. मैदानाबाहेरचं उत्तर बहुधा एकच असतं: एफवाय झालं, मग भरती लागली. शिपाई व्हायला बारावी पुरते. पोरगा पहाटे धावतो, दुपारी कॉलेजात बसतो, आणि यादीत नाव लागलं की कॉलेज तिथेच सुटतं. आठ-दहा वर्षांनी फौजदारकीची थेट भरतीची परीक्षा खुणावते. तिला पदवी लागते. मग लोखंडी कपाटातून फाइल निघते आणि फाइलीतून पहिल्या वर्षाची मार्कशीट. घडीवर फाटू नये म्हणून लॅमिनेट केलेली, त्यामुळे आता तिच्यावर शिक्काही नीट उमटत नाही.

त्या एका वर्षाचा भाव काय, या प्रश्नाचा इतिहास पोलिसांच्या इतिहासाहून फार लहान आहे. खानदेशात शिपाईगिरी जुनी. जेम्स आउटरमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती १८२५ मध्ये. मुंबई विद्यापीठ आलं १८५७ ला, आणि येताना 'टर्म' घेऊन आलं. काय शिकलास याआधी सत्र भरलंस का, हे बघायचं. आपली एटीकेटी तिथलीच: 'अलाउड टू कीप टर्म्स', म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची मेहेरबानी. आद्याक्षरं उरली, अर्थ विसरला, आणि पोरं 'केटी लागली' म्हणू लागली, जणू ठेचच लागली.

अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मू. जे. ही कॉलेजं १९४० च्या दशकातली. आधी ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाल्यावर पुण्याकडे गेली. चार दशकं मार्कशीटवरची चूक दुरुस्त करायची तरी पुणं गाठावं लागे. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात आलं (२०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे) आणि ती पायपीट संपली. पण या सगळ्या काळात एका विद्यापीठातून दुसरीकडे जायचं तर जात होते ते टीसी, मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी. तिन्ही कागद माणसाला हलवायचे. त्याचं अर्धं शिकणं हलवणारा कागद नव्हता. पूर्ण वर्ष पास असेल आणि समोरच्या कॉलेजची मर्जी असेल तर गाडी पुढे, नाहीतर पुन्हा एफवाय.

शिकण्याचे सुट्टे पैसे पाडण्याची युक्ती अमेरिकेतली, आणि तिचं मूळ गमतीचं आहे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. कोणत्या कॉलेजला 'कॉलेज' म्हणायचं, हे ठरवल्याशिवाय पेन्शन वाटता येईना. म्हणून अट घातली: प्रवेश घेणाऱ्या मुलाने शाळेत १४ 'युनिट' केलेले हवेत, आणि एक युनिट म्हणजे सुमारे १२० तास. त्या तासांच्या मोजणीच्या जोरावर कॉलेजातलं क्रेडिट फोफावलं. जुनी पेन्शन द्या म्हणून आपले गुरुजी रस्त्यावर बसतात, तेव्हा मला हे हटकून आठवतं. पुढे १९६८ च्या कायद्याने तिथल्या पोलिसांना कॉलेजसाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. 'क्रिमिनल जस्टिस'ची पदवी गावोगाव पोचली, आणि नोकरी करत इकडचे दोन विषय, तिकडचे चार असे जोडत ती पुरी करणारे पोलीसही आले.

आपल्याकडे गुन्हेशास्त्राचा विभाग सागर विद्यापीठात १९५९ ला निघाला, पण इथला भरतीवाला पोरगा घेतो तो बीएच. राज्यशास्त्र नाहीतर भूगोल. क्रेडिट त्याच्यापर्यंत आधी पोचवलं मुक्त विद्यापीठांनी. १९८५ च्या इग्नूने ३० तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट धरलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. ड्यूटी सांभाळून पदवी म्हटलं की खानदेशी शिपाई आजही आधी नाशिकचं नाव घेतो.

मग जुलै २०२१ मध्ये आली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'. क्रेडिटला सरकारी मराठीत 'श्रेयांक' म्हणतात, पण खानदेशाला हा शब्द 'पत' म्हणून आधीपासून ठाऊक आहे. सोसायटीच्या पीककर्जात आहे, पतसंस्थेच्या पाटीवर आहे. पतसंस्थेत ठेव अडकलेल्या माणसाला आणखी एका बँकेचं नाव ऐकून धडकी भरली तर त्याला दोष देता येणार नाही. नियम मात्र सोपा: वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे ४० ते ४४ जमा झाले की सर्टिफिकेट, दुप्पट झाले की डिप्लोमा, १२० पासून पुढे पदवी. मध्येच उठून भरतीला जा, जमा तशीच राहील. जास्तीत जास्त सात वर्षं. पदवी जिथून घ्यायची तिथे निम्मे तरी कमवावे लागतात. वकिलीला मात्र ही मोकळीक नाही: बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मधूनच शिरणं आणि मधेच पदवी घेऊन निघणं, दोन्ही बंद ठेवलंय.

आणि खरी मेख पुढेच. या बँकेत जमा होतं ते २०२१-२२ पासूनचं शिक्षण. शिपाईदादाची लॅमिनेट मार्कशीट त्याआधीची, म्हणजे तिला खातंच नाही. त्याने कॉलेजच्या खिडकीपाशी जाऊन जुन्याच वाटेने समकक्षतेचं विचारायचं. पोलीस प्रशिक्षणाचे त्याचे महिने तर कुठल्याच खात्यात नाहीत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात प्रशिक्षण आणि अनुभव मोजायची सोय लिहिली आहे, पण ती कागदावरून धुळ्याच्या पोलीस लाइनीत यायला वेळ आहे.

त्याचा धाकटा भाऊ मात्र नव्या नियमात बसतो. रात्री ओट्यावर मोबाइल घेऊन तो डिजिलॉकरवर या बँकेच्या खात्याचा १२ आकडी क्रमांक काढत असतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग त्याचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर त्याचं नाव आधी, आडनाव शेवटी, आईचं नावच नाही. नाव जुळत नाही, असा लाल मजकूर येतो. तो आडनाव पुढे घेऊन बघतो, मागे घेऊन बघतो. शिपाईदादा शेजारी बसून म्हणतो, "आईनं नाव काढी टाक, मग देख."