रेशीम खरे, पण अहिंसेचे काय?



पर्युषण जवळ आले म्हणून परवा कपाट आवरायला काढले. सासूबाईंचे अंजिरी रेशमी सोवळे हाती लागले. ते नेसून त्यांनी कवठे महांकाळला कितीतरी वर्षे पूजा केली. त्याच्याच शेजारी माझी नवी साडी होती, 'अहिंसा रेशीम' अशी चिठ्ठी लावलेली. लेकीने विचारले, "आई, हे खरं कशावरून?"

सासूबाई धाग्याचे टोक जाळून बघायच्या. केस जळल्यासारखा वास आला की रेशीम, कागदासारखा आला की सूत. शास्त्रज्ञांनी हेच काम सूक्ष्मदर्शकाने केले. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी. मण्यांत अडकलेला दोरा ए. एन. गुलाटी यांनी तपासला, तेव्हा त्यात कापसासोबत रेशीम निघाले. आपल्या महाराष्ट्रात रेशीम इतके जुने आहे!

पुढे प्रश्न बदलला. कापड कशाचे, एवढेच नव्हे, तर कोणाच्या जिवावर बेतलेले, हेही विचारले जाऊ लागले. शाहतूशची शाल तिबेटातल्या चिरू हरणाच्या लोकरीची. झुडपांना अडकलेली लोकर वेचून आणतो, असे व्यापारी सांगत. प्रत्यक्षात एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारले जात. १९७९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी ती पश्मिना म्हणून खपवली जाते, म्हणून प्रयोगशाळेत केसाची ठेवण आणि डीएनए पाहून चिरू ओळखतात. तिथे प्राणी ओळखला की हिंसा सिद्ध झाली.

रेशमाचे तसे नाही. कोष उकळला काय, किंवा पतंग बाहेर पडल्यावर घेतला काय, किडा तोच, धागाही त्याच प्रथिनाचा. डीएनए किड्याची जात सांगेल, तो जगला की मेला हे सांगणार नाही. पतंग कोष फोडून बाहेर पडला की अखंड धागा तुटतो, मग रेशीम सुतासारखे कातावे लागते. पण उकळलेल्या कोषांचे वाया गेलेले रेशीमही कातलेच जाते. एरी रेशमाचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो, तरी आसामात आतला किडा खाण्याची रीत आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली आलेला 'सिल्क मार्क' शुद्ध रेशमाची खात्री देतो, अहिंसेची नव्हे.

परदेशात कापसावर जिनिंगमध्येच डीएनएची खूण फवारतात आणि तीच पुढे सुतात, कापडात तपासतात. कोषांनाही अशी खूण करता येईल. पण खूण कोष कुठून आला एवढेच सांगेल. पतंग उडाला, हे तिथे उभ्या असलेल्या माणसानेच खरे सांगायला हवे. म्हणजे शेवटी सत्यव्रताशिवाय अहिंसेची खात्री नाही.

मी दुकानदाराला विचारले, "हे कोष कुठल्या गावचे? पतंग सोडतात ते कोणी पाहिले आहे?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. साडी परत केली.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी श्रद्धेने नेसले, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांचे सोवळे घडी करून ठेवले आहे. यंदा पूजेला मी आणि लेक धुतलेले सुती पातळ नेसणार. तुम्हीही खरेदीच्या वेळी हे दोन प्रश्न जरूर विचारा.