उनकेश्वरचं ऊन पाणी

गेल्या श्रावणात सोयाबीन फुलोऱ्यात होतं, निंदणं उरकली होती. गावातल्या आम्ही चाळीसेक जणांनी गाडी ठरवली आन् सहस्रकुंड, उनकेश्वर पाहायला निघालो. सेनगावहून हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर असा रस्ता. माहिती सांगायला किनवटकडचा एक गाईड घेतलता. पोरगं बोलायला तरबेज.

सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावर येते आणि फुटून असंख्य धारांनी खाली कोसळते. अल्याड नांदेड जिल्हा, पल्याड यवतमाळ. गाईड म्हणाला, "ही नदी म्हणजे मराठवाडा-विदर्भाची हद्द."

मी म्हणालो, "बाबा, ही हद्द लई जुनी. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजाच्या हवाली केला, तवापासून पल्याड इंग्रज आन् अल्याड मोगलाई." आमचे म्हातारे मोगलाईच म्हणायचे, निजामाचं राज्य कोणी म्हणत नव्हतं. 1948 ला ती मोगलाई बुडाली. तरी किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच राहिलं, ते 1956 ला नांदेडात आलं.

बाया फोटो काढण्यात दंग होत्या. त्यांना म्हणालो, ह्यात आपलं पाणी आहे. आपली कयाधू रिसोडकडून येते, सेनगाव तालुक्यातून नामदेव महाराजांच्या नर्सीवरून हिंगोलीला जाते आणि पुढं पैनगंगेला मिळते. ईसापूरचं धरण त्या संगमाच्या वर आहे. ते पैनगंगा अडवतं, कयाधू नाही. एक म्हातारी म्हणाली, "मंग आपलंच पाणी बघायला एवढं भाडं दिलं का रे?"

मला मात्र उनकेश्वर पाहायचं होतं.

तिथं महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं. गाईडनं कथा सांगितली. शरभंग ऋषींना कुष्ठ झालतं, रामानं बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढलं, ऋषी बरे झाले. शेवटी म्हणाला, "कसलाही चामडीचा रोग इथं जातो." सगळ्यांनी हात जोडले. माझे हात जुळले नाहीत.

1970 च्या सुमाराला, मी दहाएक वर्षांचा असताना, आमच्या आत्याच्या हातावर पांढरे चट्टे उठले. कोड. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. बाबा तिला घेऊन उनकेश्वरला निघाले, संगं मीही. हिंगोलीहून रेल्वेनं पूर्णा, तिथून मुदखेड, मग किनवट. तवा सगळीकडं मीटरगेजच. किनवटहून पुढं बैलगाडी. एकवीस दिवस आत्या रोज पहाटे कुंडात उतरायची. अंगाची जुनी खाज खरंच गेली. चट्टे होते तसेच राहिले. परतताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

मोठेपणी कळलं ते असं. पावसाचं पाणी भेगांतून जमिनीत खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. त्यात गंधक असतं, खाज-खरजेला त्यानं उतार पडतो. कोड हा आजार निराळा. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आन् कुष्ठ म्हणाल तर त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. माणूस बरा होतो. हे सासरच्यांना कोणी सांगितलं असतं तर? पण तवा सांगणारं कोण होतं! आत्या आमच्याच घरी म्हातारी झाली. लग्नकार्यात हळद लावायला तिला कधी कोणी पुढं बोलावलं नाही. आन् शेतातली हळद खुरपायला सगळ्यांत पुढं तीच.

मी गाईडला बाजूला घेतलं. "कथा सांग, देव आहे म्हण, हरकत नाही. पण कसलाही रोग जातो असं म्हणू नको. कोणीतरी घरदार विकून लेक घेऊन येतं."

पोरगं गप झालं. मग म्हणालं, "काका, माझ्या मायच्या पायावर पण आहे."

आम्ही दोघं कुंडाच्या पायरीवर बसलो. मी धोतर वर करून पाय सोडले. पाणी चांगलंच ऊन होतं. निघताना बायकोनं बाटली भरून घेतली. हदगाव येईस्तोवर ती गार झालती.