वस्तादाची भाकरी आणि प्रेक्षकांचा रोष

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी कबड्डीचा सामना असला म्हणजे मैदानाभोवती माणसांचे कडे उभे राहते. चढाईस गेलेला गडी पकडला गेला की चुकांची चर्चा सुरू होते, आणि ती गड्यापाशी न थांबता त्याला शिकविणाऱ्यावर येऊन ठेपते. ही रीत सर्व जगात सारखीच आहे. परंतु लोकांच्या या नाराजीने शिकविणाऱ्याची नोकरी जाते की राहते, हे मात्र देशोदेशी निराळे. आणि त्याचे कारण शोधावयाचे तर त्याला वेतन कोण देतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अमेरिकेत हे वेतन प्रेक्षकांच्या खिशातून येऊ लागले. हार्वर्ड विद्यापीठाने १९०५ साली बिल रीड यास फुटबॉलच्या संघासाठी सात हजार डॉलरांवर नेमले. एवढे वेतन तेथील कोणाही प्राध्यापकास नव्हते. त्या वर्षी व पुढील वर्षीही येल विद्यापीठाकडून हार झाली, आणि १९०६ नंतर रीड त्या जागी राहिला नाही. २०२३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यास दूर केले, तेव्हा कराराप्रमाणे त्याचे सात कोटी डॉलरांहून अधिक देणे निघाले. प्रेक्षक पैसा देतात, म्हणून प्रेक्षकच न्याय करतात.

महाराष्ट्रात वस्तादाची भाकरी पूर्वी राजाश्रयाची असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला. १९१२ सालचे खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. हजारो लोक नाराज झाले तरी वस्तादाचा तनखा त्यांच्या हाती नव्हता. परंतु एका पुरुषाच्या आवडीवर उभा असलेला आश्रय त्याच्या आयुष्याइतकाच निश्चित. १९२२ साली महाराज निवर्तले, आणि १९४९ साली संस्थानही विलीन झाले.

वऱ्हाडात असा राजा नव्हता. प्रांत नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. तेथे अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, याचा गौरव पुष्कळ होतो. त्याहून मोलाचे काम मात्र गाजावाजा न होता झाले. मंडळाने मल्लांबरोबर व्यायामाचे शिक्षकही घडविले, आणि १९६७ साली त्यांच्यासाठी पदवी महाविद्यालय काढले. अशा प्रयत्नांनी आखाड्यातला वस्ताद शाळेच्या हजेरीपटावर आला.

पुढे कायद्यानेही त्यास आधार दिला. खाजगी शाळांतील सेवकांसाठी १९७७ साली झालेल्या कायद्यामुळे रीतसर चौकशीवाचून शिक्षकास काढता येईना, आणि त्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या संचालकाचीही गणना अध्यापकांतच केली. संघ हरला म्हणून संस्कृतच्या प्राध्यापकाप्रमाणेच त्याचीही नोकरी जात नाही.

तथापि हे छत्र मान्यताप्राप्त, पूर्ण वेळच्या पदापुरतेच आहे. संध्याकाळी मैदानावर मुलांना घाम गाळावयास लावणारा, पण केवळ मानधनावर असलेला मार्गदर्शक या छत्राबाहेर राहतो. त्याची स्थिती जुन्या वस्तादासारखीच. फरक इतकाच की त्याच्या पाठीशी राजाही नाही.

लोकांनी विजयाची अपेक्षा धरू नये, असे कोण म्हणेल? अपेक्षेवाचून मैदानास रंग नाही. परंतु चांगला गडी घडावयास वर्षे लागतात, आणि ज्याची भाकरी पुढच्या सामन्यावर अवलंबून आहे तो पुढच्या सामन्यापुरतेच शिकवितो. चांदूर बाजारच्या मैदानाभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांनी शिकविणाऱ्यास जाब अवश्य विचारावा. मात्र त्यास वेतन किती व कोणाकडून मिळते, हेही एकदा विचारावे.